थंड हवेचं ठिकाण

आमच्या गाडीत एसीचं बटण आहे. ते दाबलं की हिरवा दिवाही लागतो. त्या दिव्यापुढे काही घडतं की नाही, यावर घरात मतभेद आहेत. माझं म्हणणं, हवा जरा तरी गार येते. बायकोचं म्हणणं, बाहेर आहे तीच हवा येते, फक्त आपण तिचे पैसे भरलेले असतात. मागच्या सीटवर आई असते. तिच्यापर्यंत कुठलीच हवा पोचत नसल्याने ती तटस्थ.

गाडी २००८ सालची. कंपनीचं नाव सांगत नाही. या वयात तिची अब्रू चव्हाट्यावर आणणं बरं नव्हे. इंजिन अजून ठणठणीत आहे आणि सगळ्या भानगडीचं मूळ तेच आहे. इंजिन बसलं असतं तर गाडी मानाने भंगारात गेली असती. पण ती पहिल्या सेल्फला सुरू होते, कात्रजचा घाट कुरकुर न करता चढते. बिघडतं ते बाकीचं : जिथे वायर आहे, नळी आहे किंवा बटण आहे ते सगळं. पंधरा वर्षं झाल्यावर रीतसर आरटीओत नेऊन पुन्हा नोंदणी केली. २०२२ च्या एप्रिलपासून तिची फी सहाशेची पाच हजार झालेली, वर पर्यावरण कर. साहेबांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवून घेतला, ब्रेक दाबायला लावला. एसीबद्दल चकार शब्द नाही. आतला माणूस उकडून निघाला तरी सरकारच्या लेखी गाडी फिट असते.

सुरुवात ब्लोअरपासून झाली. त्याला चार वेग असतात. एक दिवस पहिले तीन गेले आणि चौथा राहिला. याचं शास्त्र सोपं आहे. ब्लोअरच्या वाटेवर एक रेझिस्टर बसवलेला असतो. एक, दोन, तीनवर वीज त्यातून अडत-ठेचकाळत जाते, म्हणून पंखा हळू फिरतो. चारवर ती त्याला बगल देऊन थेट मोटरला भिडते. रेझिस्टर जळला की मधला मार्ग खलास. मग गाडीत एक तर स्मशानशांतता, नाही तर वादळ. या काळात तटस्थ आईलाही मत आलं. भर वैशाखात कानाला मफलर गुंडाळून ती मागून ओरडायची, "अरे, ते बंद तरी कर, नाही तर मला इथेच उतरव, मी रिक्षाने येते." आम्ही बोलायचं असेल तर सिग्नलला बोलायचो. पुण्यातले सिग्नल लांब असतात, त्यामुळे संसारात फार काही साचून राहिलं नाही.

रेझिस्टर साडेचारशेला मिळाला. ग्लोव्ह बॉक्सच्या खाली हात घातला की सापडतो, म्हणून मजुरी दीडशे. सहाशे रुपयांत चारही वेग परत. वाटलं, उगाच लोक जुन्या गाडीला घाबरतात.

मग एसी.

एसीच्या दुकानात कुठलीही तक्रार घेऊन जा, पहिलं निदान ठरलेलं : "गॅस संपला असणार." आता गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांमध्ये त्याच्या प्रदक्षिणा चालू असतात. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून तो पातळ होतो, एका चिंचोळ्या झडपेतून सुटतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉईलमध्ये उकळतो. हे उकळणं म्हणजेच आपला गारवा. उकळायला लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. आमच्या गाडीतला आर-१३४ए हा गॅस उघड्यावर शून्याखाली २६ अंशांनाच उकळतो. त्याला उकळायला आपला मे लागत नाही, महाबळेश्वरचा डिसेंबरही पुरतो. रबरी नळ्यांतून वर्षाकाठी चिमूटभर झिरपतो ते सोडलं तर तो आहे तितकाच राहायला हवा. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी भोक आहे.

हे सगळं मी एसीवाल्या दादांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर आहे साहेब. पण भोक शोधायचं म्हणजे वेळ जातो. तूर्त गॅस भरू, किती टिकतो बघू." पंधराशे रुपये. पाडव्याला भरलेला गॅस वटपौर्णिमेच्या आत गेला. पुढच्या वर्षी मुहूर्त सुधारून अक्षय्य तृतीयेला भरला; तो मृगाची वाट न बघताच गेला. "या वेळी जास्त टिकला की," दादा म्हणाले. त्यांनी तारखा लिहून ठेवलेल्या नव्हत्या, बायकोने ठेवल्या होत्या.

जाता जाता एक सांगायला हवं. पूर्वी गाड्यांत आर-१२ असायचा. तो ओझोनच्या थराला भोकं पाडतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याला हद्दपार केलं आणि त्याच्या जागी हा आमचा सोज्वळ आर-१३४ए आला. हा ओझोनला हात लावत नाही. फक्त वातावरण तापवण्याच्या कामात, शंभर वर्षांचा हिशेब धरला तर, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट कर्तबगार आहे. म्हणजे माझ्या गाडीतून गळलेल्या गॅसने आकाश तापणार, आकाश तापलं की मला एसी लागणार, आणि एसीसाठी मी पुन्हा गॅस भरणार. या सगळ्या फेऱ्यात गार झालेलं मी अजून काही पाहिलेलं नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर घरघरायला लागला. दादांनी बॉनेटवर कान टेकवला. "बेअरिंग. नवा कॉम्प्रेसर चौदा हजार. सेकंडमध्ये सहा-सातला बघतो. तोवर पट्टा काढून ठेवतो, आवाज बंद होईल." आमच्या गाडीत एसीचा पट्टा वेगळा असल्याने हे जमतं. आवाज बंद झाला. एसीही बंद झाला, पण तक्रार आवाजाची होती.

घरी येऊन मी या विषयावर थोडं वाचन केलं, तर धीर आला. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलांसाठी गाडीत एसी देऊ केला होता. त्याचे वेगळे २७४ डॉलर पडत. यंत्रणेचा बराच भाग मागे डिकीत, आणि कॉम्प्रेसरला क्लचच नाही. त्यामुळे एसी बंद करायचा तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरून बॉनेट उघडायचं आणि हाताने पट्टा काढायचा. म्हणजे दादांनी जे केलं ते त्या काळातल्या लक्षाधीशांचे शोफर करत असत. मी हे बायकोला वाचून दाखवलं. "त्यांचा पट्टा परत लावला की गार व्हायचं ना?" असं तिने विचारलं. इतिहासाकडे बघण्याचा तिचा दृष्टिकोन फार संकुचित आहे.

बेअरिंग तेवढं बदलून अठराशेत भागलं. मग दादांनी मनावर घेऊन भोक शोधलं. नळ्यांमध्ये नायट्रोजन भरला, दाबाच्या काट्याकडे पाहत बसले, साबणाचं पाणी फासून सगळे जोड तपासले. कुठेच बुडबुडा नाही. काटा मात्र खाली येत होता. दादा उठले, हात पुसले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कूलिंग कॉईल."

"म्हणजे?"

"डॅशबोर्ड उतरवावा लागेल."

कूलिंग कॉईलची किंमत साडेतीन हजार. तिच्यात सुईच्या टोकाएवढं भोक. ते भोक डॅशबोर्डच्या मागे, हीटरच्या डब्यात, जिथे पोचायचं तर स्टिअरिंग सैल करायचं, मीटर काढायचे, टेप काढायचा, निम्म्या वायरींची कनेक्शनं सोडवायची. मजुरी पाच हजार. तेव्हा मला या धंद्याचं अर्थशास्त्र उमगलं. पुण्यात फ्लॅट घेताना आपण विटा-सिमेंटचे पैसे देत नाही, जागेचे देतो; तीच भिंत धायरीत एका भावाची आणि प्रभात रोडला दुसऱ्या. गाडीतही तसंच. पार्ट काय आहे याला महत्त्व नाही, कुठे राहतो याला आहे. ग्लोव्ह बॉक्सखाली राहणारा रेझिस्टर म्हणून स्वस्तात सुटला होता. कूलिंग कॉईल गाडीतल्या सगळ्यात उच्चभ्रू वस्तीत राहते. तिच्याकडे नुसतं जायचं झालं तरी पाच हजार.

डॅशबोर्ड उतरवताना मी हजर होतो. आमच्या कौटुंबिक इतिहासातला एवढा मोठा पुरावा एका ठिकाणी कधी सापडला नव्हता. खेड शिवापूरच्या टोलच्या, शाई उडालेल्या पावत्या. बायकोच्या कानातलं, जे हरवल्याबद्दल धुणंभांडी करणाऱ्या मावशींकडे आम्ही एक पावसाळाभर संशयाने पाहत होतो. मुलाचं पाचवीतलं बसचं ओळखपत्र. बाकरवडीचा एक तुकडा, अजून खुसखुशीत. खुद्द कॉईलवर वाळलेली पानं, धूळ आणि उंदराने आणून ठेवलेला कापूस यांचा बोटभर थर होता. एवढी वर्षं आम्ही त्यातून गाळलेली हवा नाकात घेत होतो. ओल आणि धूळ यांनीच ॲल्युमिनियम खाल्लं, असं दादांचं मत पडलं. सगळं परत बसवल्यावर ट्रेमध्ये पाच स्क्रू उरले. "हे?" मी विचारलं. "कंपनी जास्तच लावते," दादा म्हणाले. तेव्हापासून स्पीडब्रेकरवर डॅशबोर्ड 'चुईं' करतो आणि त्याच झटक्याला मीटरमधला दिवा विझून पुन्हा लागतो.

इथून आमची रवानगी एसीवाल्याकडून वायरमनकडे झाली. हे दोन वेगळे पंथ आहेत. एसीवाला म्हणतो, वायरिंग कुणीतरी हाताळलंय. वायरमन म्हणतो, एसीवाल्याने हाताळलंय.

आमचे वायरमन म्हणजे नाना पेठेतले मामा. वय सत्तरीच्या पुढे, हातात टेस्ट लॅम्प, म्हणजे एका होल्डरमध्ये बल्ब आणि दोन वायरी. मी मोठ्या हौसेने डिजिटल मल्टिमीटर घेऊन गेलो होतो. बॅटरीचा आकडा इंजिन बंद असताना १२.६ आणि चालू असताना १४ च्या आसपास आला, म्हणजे बॅटरीही ठीक आणि आल्टरनेटरही, असं मी त्यांना सांगितलं. आल्टरनेटरला मामा आजही डायनॅमोच म्हणतात. त्यांनी माझ्या मीटरकडे, बारशाला आणलेलं खेळणं पाहावं तसं कौतुकाने पाहिलं आणि बल्ब लावून कामाला लागले.

तक्रार अशी होती : ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणायचा. मागच्याला वाटावं, हा डावीकडे वळतोय. पुण्यात इंडिकेटरवर कुणी विश्वास ठेवत नसल्यामुळे अनर्थ टळला. पण अर्थिंगचा हा प्रकार मोठा मजेशीर आहे. गाडीत प्रत्येक दिव्याला जाणारी वायर असते; परतीची वायर म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचं निगेटिव्ह टोक पत्र्याला जोडलेलं, दिव्यांच्या जुडग्याची एक वायर बोल्टने पत्र्याला टेकवलेली. तो बोल्ट गंजला की ब्रेकच्या दिव्यातून निघालेली वीज घरी परतायला वाट शोधते आणि शेजारच्या इंडिकेटरच्या दारातून घुसून जाते. म्हणून एकाला बोलवावं तर दुसरा ओ देतो. आमच्याकडे काही दिवस हॉर्न वाजवला की आतला दिवाही लुकलुकत असे.

मामांनी मागचं अस्तर उचकटलं, चटई काढली, उंबऱ्याखालची पट्टी काढली, वायरींच्या जुडग्याचा माग काढत काढत डिकीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे एक तांबरलेला बोल्ट. तो सोडवून पॉलिशपेपरने घासला, परत आवळला. बिल बाराशे. बिलात वस्तू एकही नव्हती. पॉलिशपेपरसुद्धा वापरलेलाच होता. घासाघीस करायला मला जागाच मिळाली नाही, कारण सामानच नाही तर कमी कशातून करायचं?

माझ्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. मुंबईतल्या त्या जातीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेखापर्यंत शोक केला. त्या गाडीत एसी म्हणजे पुढच्या काचेशेजारची तिकोनी काच. ती तिरकी उघडली की वाऱ्याचा झोत थेट छातीवर. गॅस नाही, कॉईल नाही, दादा नाहीत. वायरिंग इतकं मोजकं की वडिलांना ते पाठ होतं. फ्यूज उडाला की ते सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद त्यावर गुंडाळत. स्वतः ओढत नसत, पण गाडीसाठी शेजाऱ्यांकडून रिकामी पाकिटं जमवत. फ्यूजचं काम वेळ आली की स्वतः जळून बाकीच्यांना वाचवणं हे आहे. वडील त्याला जळू देत नसत, म्हणून मग पुढची वायर जळे. तरी ती जळलेली दिसे तरी. हल्लीच्या गाडीत दारातल्या रबरी नळीच्या आत वायर पिचते. दार उघडून-मिटून, उघडून-मिटून आतलं तांबं तुटतं आणि वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतं. माझ्या बाजूची पॉवर विंडो अशीच गेली. काच वरच्या वर अडकली. मामांनी एकदा जोड मारून दिला, तो दिवाळीपर्यंत टिकला. "दार कमी उघडा," असा सल्लाही दिला. त्यानंतर मी काच बंद आहे हे सत्य स्वीकारलं. फास्टॅग २०२१ मध्येच सक्तीचा झालेला असल्याने टोलनाक्यावर लाज जात नाही. पार्किंगवाल्याला मात्र दार उघडून पैसे द्यावे लागतात, आणि तो दर वेळी एक पाऊल मागे सरतो.

उंदरांबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात गरम इंजिनावर ते मुक्कामाला येतात आणि वेळ घालवायला वायरी कुरतडतात. सोसायटीतल्या जाणकारांनी बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवायला सांगितलं. ठेवली. उंदीर गेले की त्यांना सवय लागली ते कळलं नाही, पण ब्लोअर लावला की गाडीत पानपट्टीचा वास यायला लागला आणि सासूबाईंनी जावयाकडे नव्या नजरेने पाहायला सुरुवात केली.

पार्ट आणायला मामा मलाच पिटाळतात. नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. काउंटरवर पार्ट मागितला की प्रश्न येतो, "ओरिजिनल, की चांगला?" यातला फरक विचारण्याचं धैर्य मला अजून झालेलं नाही. एका रिलेच्या तीन किमती असतात आणि तिन्ही डब्यांतून निघालेले रिले एकमेकांचे सख्खे भाऊ दिसतात. "कंपनीचाच आहे, डबा फक्त वेगळा," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की डबा बनवणारी कंपनी कुठली याचंच मला कुतूहल आहे. २०२५ च्या २२ सप्टेंबरला सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा मी घरी जवळपास पेढे वाटले. दुसऱ्याच आठवड्यात मोठ्या उमेदीने नाना पेठेत गेलो. "बिल पाहिजे का?" त्यांनी विचारलं. "हो म्हणजे, दहा टक्के कमी..." "बिल नको असेल तर पहिल्यापासून कमीच आहे." केंद्र सरकारच्या क्रांतिकारी निर्णयाला माझ्या आयुष्यात शिरायला फट सापडली नाही.

हा सगळा जमाखर्च बायकोने विम्याच्या कागदाच्या पाठीवर मांडला. पुढच्या बाजूला विमा कंपनीने गाडीची किंमत छापलेली होती : पासष्ट हजार. मागच्या बाजूला गॅस, बेअरिंग, कॉईल, मजुरी, रिले, बॅटरी, बोल्ट. "अहो," ती म्हणाली, "गाडीपेक्षा तिच्यातली हवा महाग पडतेय." आणि तिने माझ्यासमोरच जुन्या गाड्यांच्या एका दलालाला फोन लावला.

तो रविवारी सकाळी आला. गळ्यात सोनसाखळी, हातात पत्र्याच्या रंगाची जाडी मोजायचं यंत्र. गाडीभोवती एक चक्कर मारून तो शेजारच्या सीटवर बसला. मी ड्रायव्हरच्या जागी. इंजिन सुरू केलं. त्याने मान डोलावली. मी एसी लावला. खरोखरच गार हवा आली. नवी कॉईल, नवा गॅस, चारही वेग. माझ्याकडे पाहून बायको अंगणातून हसली.

"एसी चिल्ड आहे," तो म्हणाला.

"आत्ताच कूलिंग कॉईल नवी टाकलीय," मी अभिमानाने सांगितलं. "पावती आहे."

त्याचा हात दारावरून निघून डॅशबोर्डवर आला. त्याने दोन ठिकाणी अंगठा दाबून पाहिला. डॅशबोर्ड 'चुईं' म्हणाला.

"म्हणजे डॅशबोर्ड उघडलाय."

"कॉईलसाठी."

"हो, पण उघडलाय. आतलं वायरिंग हाताळलेलं असणार. गिऱ्हाईक लगेच ओळखतं. पंचेचाळीस देणार होतो साहेब, आता तीसच्या वर जमणार नाही. एसी बंद असता तर चाळीसपर्यंत आलो असतो. डॅशबोर्ड तरी कंपनीचा राहिला असता."

एवढं बोलून तो उतरला आणि वळसा घालून माझ्या दारापाशी येऊन उभा राहिला, उत्तराची वाट बघत. बायको बाहेरून खुणेने विचारत होती, काय म्हणतोय? त्याने काचेवर टकटक केली आणि काच खाली करा अशी खूण केली. मी दार उघडलं. तो एक पाऊल मागे सरला.

"काचेचे अजून दोन हजार कमी होतील," तो म्हणाला.